एका बटणाचा अर्थ

'भक्त' हा शब्द शिवीसारखा वापरता येतो, हे माझ्या आजीला अजून पटलेलं नाही. तिच्या लेखी भक्त म्हणजे पुंडलिक. बाकी सगळ्यांना मात्र 2014 नंतरची वाटणी तोंडपाठ आहे: मोदींना मत देणारा तो भक्त, न देणारा तो फुरोगामी. माझं मत भाजपला जात नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ओळींमधून शोधत बसायला नको. तरीही 'भक्त' या शब्दावर माझा आक्षेप आहे. सभ्यतेचा मुद्दा बाजूला ठेवा. त्या शब्दातून माहिती फारच कमी मिळते, हा माझा आक्षेप.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे हिशेब असा मांडतो. ईव्हीएमवर 'नोटा' धरून सोळा पर्याय असतील, तर एका मतात फक्त चार बिट माहिती मावते. शेतमालाचा भाव, जात, मुलाची नोकरी, पाकिस्तान, राम मंदिर, खात्यावर आलेले दोन हजार, समोरच्या उमेदवाराचा राग, हे सगळं माणूस त्या चार बिटांत कोंबतो. इतकं दाबून बसवलेलं पुन्हा उलगडता येत नाही. आपण मात्र निकाल लागला की खुशाल उलगडायला बसतो, आणि प्रत्येक मतातून तेवढंच बाहेर काढतो जेवढं आपण आधीच आत ठेवलेलं असतं.

उदाहरण घरचंच आहे. माझे मामा नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवतात. 2014 आणि 2019 ला त्यांचं मत मोदींना. मग डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. तो हंगाम लाल कांद्याचा. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत भरून ठेवता येत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. बंदी उठली 4 मे 2024 ला, आमच्याकडच्या मतदानाला जेमतेम दोन आठवडे राहिले असताना. दिंडोरीत केंद्रीय मंत्री असलेल्या भारती पवार हरल्या. मामांनीही त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. सहा महिन्यांनी विधानसभेला याच जिल्ह्यात महायुतीने जवळजवळ सगळ्या जागा घेतल्या, आणि त्यात मामांचं मत होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कांद्याचा राग होता, तो काढला. आता काय जन्मभर धरून बसू?"

आता या माणसाला मेमध्ये काय म्हणायचं आणि नोव्हेंबरमध्ये काय?

हे नवीन नाही. आणीबाणी लादणाऱ्या इंदिरा गांधींना 1977 मध्ये रायबरेलीनेही पाडलं, आणि जानेवारी 1980 मध्ये देशाने त्यांच्या पक्षाला 353 जागा दिल्या. मधल्या तीन वर्षांत कोट्यवधी लोकांना नसबंदी आणि सेन्सॉरशिप आवडायला लागली होती, असं कोणी म्हणत नाही. जनता पक्षाची भांडणं आणि महागलेला कांदा, अशी कारणं आपण समजूतदारपणे देतो. (तेव्हा कांदा महागला म्हणून मतं फिरली, मामांकडे पडला म्हणून. सरकार कोणाचंही असो, कांद्याने त्याला सोडलेलं नाही.) ही समजूत जुन्या मतदारांना मिळते आणि आजच्यांना मिळत नाही, याचं कारण एवढंच की आजचे समोर बसून आपल्याशी भांडतात.

समर्थकांना एकगठ्ठा नाव ठेवण्याचा व्यावहारिक परिणामही बघण्यासारखा आहे. हिलरी क्लिंटन यांनी सप्टेंबर 2016 मध्ये ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना एका शब्दात निकालात काढलं. त्याच भाषणात पुढे उरलेल्या निम्म्यांबद्दल बरंच सहानुभूतीने बोलल्या होत्या. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, पहिला शब्द मात्र लोकांनी टी-शर्टवर छापून मिरवला. आपल्याकडे 'चौकीदार चोर है'चं 2019 मध्ये 'मैं भी चौकीदार' झालं, ते सर्वांना आठवत असेल.

इथपर्यंतचा युक्तिवाद मी ऑफिसात एका सहकाऱ्याला ऐकवला. तो सोलापूरचा, मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. पुण्यात तो तीन महिने भाड्याने फ्लॅट शोधत होता. फोनवर सगळं ठरायचं, आडनाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेला' असायचा. तो म्हणाला, "तुझ्या मामांच्या मनात कांदा होता की मी होतो, हे मला कसं कळणार? माझ्यापर्यंत चार बिटच पोचतात."

याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मत ही खासगी भावना नसते. ती दुसऱ्यांवर चालणारी सत्ता आहे, आणि ज्याच्यावर ती चालते त्याने मतदाराचा हेतू तपासत बसावं, ही अपेक्षा जरा उद्धटच. 'मी फक्त भावासाठी मत दिलं' हे वाक्य माणसाला दोषातून थोडं सोडवतं, सगळं सोडवत नाही. पॅकेज घेतलं की त्यातला नावडता भागही आपल्या पैशाने येतो. निदान तो नावडता आहे, एवढं मोठ्याने म्हणण्याची जबाबदारी तरी उरते.

म्हणून मामांशी भांडताना मी मताचा विषय काढणं सोडून दिलं आहे. मतावर वाद घातला की ते मोदींचे वकील होतात आणि मी राहुल गांधींचा. दोघांनाही कुणी वकीलपत्र दिलेलं नसतं. त्याऐवजी मी त्यांच्या फॉरवर्डबद्दल विचारतो. फॉरवर्डमध्ये चार बिट नसतात, पूर्ण वाक्यं असतात, आणि वर मामांचं नाव असतं. 'या लोकांना धंदा देऊ नका' असा एक मेसेज त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मी फोन करून विचारलं, "मामा, तुमचा कांदा दुबईला जातो तो कोण खातं?" हसले. मग म्हणाले, "अरे, आला तसा पुढे पाठवला, मी काय लिहिला का?" मी म्हटलं, पाठवला तर तुम्हीच ना. यावर ते गप्प राहिले. भारती पवारांवर तासभर बोलू शकणारा माणूस.

मामांचा नाशिक शहरात एक फ्लॅट आहे, भाड्याने देतात. सध्या रिकामा आहे. मी सहकाऱ्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तो नाशिकला बदलून आला तर त्याला द्याल का? मामा म्हणाले, "माझी काही हरकत नाही, पण सोसायटीत चालत नाही." लिहिलंय का तसं कुठे? लिहिलेलं नाही. मग मीटिंगमध्ये तुम्ही विषय मांडा. बराच वेळ ते कांद्याच्या रोपाबद्दल बोलत राहिले, शेवटी "बघू, मांडतो" म्हणाले. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. मामी म्हणते, ते मांडणार नाहीत.