गंज व नीति

मोटारगाडीच्या पोटाखालीं, धूर वाहून नेणाऱ्या नळीस धरून ठेवणारे जे नटबोल्ट, हुक व पट्ट्या असतात, त्यांवरील गंज हा वाङ्मयविषयक मासिकाचा विषय कसा होऊं शकतो, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु नीतिशास्त्रांतील एका जुन्या प्रश्नाची परीक्षा पाहण्यास याहून सोयीचें स्थळ आम्हांस आढळलें नाहीं. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. अदृश्य करणारी अंगठी हातीं येतांच तो मेंढपाळ राजाचा घात करून राज्य बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा कीं, पाहणारा कोणीच नसेल तर मनुष्य न्यायानें कां वागेल? तसली अंगठी जगांत कोणास मिळत नाहीं. पण मोटारीखालीं काम करणारा कारागीर व त्यास पैसे देणारा मालक यांच्या बोटांत ती असते म्हणावयास हरकत नाहीं, कारण तेथें सहसा कोणी वांकून पाहत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पेट्रोल जळतांना त्यांतील हायड्रोजनचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोलमागें सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें नळींतून जातें. गाडी दूर गेली तर नळी तापून कोरडी होते. घर ते कचेरी एवढाच प्रवास असेल तर पाणी आंतच साचतें. बाहेरून पावसाळ्यांतील चिखल उडतो, कोंकणच्या किनाऱ्यावर खारी हवा लागते, आणि थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर टाकलेलें मीठ येऊन बसतें. लोखंडापेक्षां त्याच्या गंजास कित्येक पट अधिक जागा लागते. म्हणून बोल्टाच्या आट्यांत गंज शिरला कीं नट जागच्या जागीं जखडतो. पुढें पाना लावून जोर केला तर नट न सुटतां बोल्टच तुटतो.

यांत बिघडतें काय? हुक तुटला म्हणजे नळी लोंबूं लागते, तिचे सांधे निसटतात, आणि धूर बैठकीच्या खालींच बाहेर पडतो. त्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील प्राणवायूची जागा तो बळकावतो. मागें बसलेल्या मुलाचें डोकें दुखूं लागलें, तर प्रवासाचा शीण झाला असेंच आईबाप म्हणतील.

उपाय अवघड नाहींत. तारेच्या ब्रशानें गंज खरवडून काढावा. आधाराच्या पट्ट्यांस उष्णता सोसणारा रंग द्यावा. नट बसवितांना आट्यांस तांब्याची अथवा निकेलची पूड घातलेलें वंगण लावावें. नळीस तोलून धरणाऱ्या रबरी कड्यांस मात्र खनिज तेल लागूं देऊं नये. पुष्कळ प्रकारचें रबर त्यानें फुगून मऊ पडतें. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडास राखतो खरा, परंतु जस्त सुमारें ४२० अंश सेल्सियसला वितळतें, आणि इंजिनालगतचा भाग त्याहूनही तापूं शकतो.

कोणी म्हणेल, न गंजणारें पोलाद वापरलें कीं ही काळजी संपली. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालीं तसलें पोलाद तयार केल्यापासून ही आशा लोकांस आहे. पण त्याच पोलादाचा नट त्याच पोलादाच्या बोल्टावर कोरडा पिळला, तर दोहोंचे आटे पुष्कळदां एकमेकांस चिकटून बसतात. म्हणजे वंगणाचें बोट तेथेंही लावावें लागतेंच.

या वंगणाचा हेतु लक्षांत घेण्यासारखा आहे. नट पुढें केव्हां तरी सुखानें सुटावा म्हणून तें लावावयाचें. सोडविणारा कोण असेल हें लावणाऱ्यास ठाऊक नसतें. गाडी तिसऱ्या मालकाकडे गेल्यावर, कोठल्या तरी गॅरेजांत उताणा पडून, डोळ्यांत गंजाची पूड घेत जो पोरगा पाना फिरवील, त्याच्यासाठीं ही तजवीज असते.

व्यवहारी मालक म्हणतो, 'दोन वर्षांत गाडी विकावयाची. मग हा खर्च मीं कां सोसावा?' काळजी घेतल्यानें अखेर पैसा वांचतो, असें सांगून त्याचें समाधान करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. त्याचा स्वतःचा पैसा कदाचित् वांचणारही नाहीं. परंतु तोच गृहस्थ जुनी गाडी विकत घेतो, आणि महिन्याभरांत नळी गळून पडून काळ्या रंगाखालीं गंज निघतो, तेव्हां विकणाऱ्यास तो लबाड म्हणतो. जें दुसऱ्यानें आपल्यासाठीं करावें असें आपण मानतों, तें करण्याची पाळी आपल्यावर आली असतां नाकारतां येत नाहीं. गंज चढूं देणें हा आळस होय. त्यावर रंग फासून तो झांकणें हें असत्य होय. आळसानें वस्तु बिघडते. असत्यानें पुढच्या माणसाची सावध होण्याची संधिही जाते.

ग्लॉकनच्या प्रश्नास आमचें उत्तर एवढेंच कीं, पाहणारा नसला तरी सोसणारा असतो, आणि तो अनोळखी आहे म्हणून आपलें कर्तव्य कमी होत नाहीं. मात्र हा भार एकट्या कारागिरावर टाकणें अन्यायाचें होईल; ज्या वेळाची मजुरी मिळत नाहीं तो वेळ त्यानें कोठून आणावा? गाडी दुरुस्तीस देतांना आट्यांस वंगण लावावयास मालकानें आपण होऊन सांगावें, आणि त्या कामाचे पैसे घासाघीस न करितां द्यावे.