शत्रू कोण, मित्र कोण?

वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले इंद्रायणी भात पोटरीस आले, की बुंध्याशी तुडतुडे जमतात व रस शोषून पीक करपवितात. मग कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने घाईने औषध मारिले, तर त्यास दोष कोण देईल? तथापि आम्ही विचारितो, मारिला जाणारा प्रत्येक जीव शत्रूच असतो काय? त्याच शेतातले कोळी तुडतुडे खातात. सरसकट फवारणीने ते मरतात. पण तुडतुड्यांची अंडी खोडाच्या आवरणात वाचतात, आणि पुढली पिढी निर्भय वाढते. याच कारणास्तव १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने ५७ औषधे भातास वर्ज्य केली. मुलांचा घास राखण्यासाठी कीड मारणे हे पाप नव्हे. न पारखता मारणे हा मात्र अन्याय होय, व त्याची झळ बांधापलीकडच्या शेजाऱ्यासही लागते. यास्तव आधी बुंधा वाकवून पाहावा, खाचरातले पाणी काढावे. त्यानेही न भागल्यासच औषध हाती घ्यावे.