आदत

तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात, वेळ नदीकाठच्या एका वस्तीवर हळद होती. नवरदेवाचा धाकटा भाऊ अकरावीत, वय सतरा. नुकतं मिसरूड फुटलेलं, पण उंचीनं बापाच्या वर गेलेलं पोर. डीजेसमोर नाचून घामाघूम झाल्यावर मामानं त्याला मंडपामागं ट्रॉलीच्या आडोशाला नेलं. तिथं टबात बर्फ आणि बाटल्या होत्या.

"घे रं. भावाची हळद रोज लागत नाय."

ग्लास पोराच्या हातात असतानाच आबा, म्हणजे त्याचे आजोबा, तिथं आले. ते ओरडले नाहीत. मामाला म्हणाले, "पाव्हणं, जरा गोठ्यात येता का? एक विचारायचंय."

पोरगंही मागोमाग गेलं. गोठ्यात खिलार गोऱ्हा बांधला होता. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोमवारी उसाची गाडी भरायचीय. एक बैल लंगडतोय. याला जुंपू का?"

मामा बैलगाड्याचे शौकीन. त्यांनी गोऱ्ह्याचा ओठ वर करून पाहिलं आणि हसले. "आबा, आदत हाय ह्यो. दुधाचं दात अजून पडलं नायत. भरल्या गाडीला जुंपला तर खांदा सुजंल, जनावर जन्माचं बाद हुईल."

"उंचीनं तर बैलाएवढा झालाय."

"उंचीवर काय जातंय? दात बघाय लागत्यात."

"मग पोराचं काय बघितलं तुम्ही?"

मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आबा, बियर हाय ती. दारू कुठं पाजतोय मी?"

ही पळवाट आपल्याकडे घरोघरी सापडते, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात. कडक बियर आणि इतर दारूसाठी 25. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला कुणी दारू दिली, तर 2015 च्या बालन्याय कायद्यात त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. देणारा मामा आहे की दुकानदार, हे कायदा पाहत नाही. शरीराचाही हिशेब आहेच. माणसाला वेळेवर 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. त्याआधी त्यावर दारू पडली, तर व्यसन जडण्याचा धोका वाढतो.

मामांचा पुढचा मुद्दा तयार होता. "पुण्यात त्या पोर्शेवाल्या पोराला काय झालं? निबंध लिव्हायला सांगून सोडलं."

"त्याच्या मोटारीच्या धडकेत दोन तरण्याताठ्या इंजिनिअरांचे जीव गेले, ते सोडून निबंधच ध्यानात राहिला तुमच्या?" आबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मे 2024 मधली गोष्ट. ते पोरगंबी सतराचंच. पुढं त्याचा बाप, आई, आजा, तिघांना अटक झाली. आज ह्यो तुमची बुलेट घिऊन शिक्रापूरच्या चौकात गेला असता, तर नगर रोडवर कुणाचं लेकरू खाली आलं असतं?"

पोरगं खाली मान घालून उभं होतं. "आबा, ही पहिली नाय. गेल्या जत्रंतबी मामानी दिल्ती. मग कॉलेजातल्या पोरांबरं दोनदा झाली."

आबा दावणीच्या कडेवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. उद्या तुझ्या आईलाबी तूच सांग. मी बसतो शेजारी."

मामांनी बुलेटची चावी आबांच्या हातात दिली. बाटल्या त्यांनी स्वतःच गटारात ओतल्या. त्या हळदीत नंतर कुणी त्यांना ट्रॉलीमागं पाहिलं नाही. पोराचं मात्र लगेच सुटलं नाही. त्या मित्रांची संगत तुटायला वर्ष गेलं आणि आई-आजोबांना त्याच्यामागं लागावं लागलं.

मला दोष पोरापेक्षा त्या पहिल्या ग्लासाचा वाटतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच माणसाच्या हातातून येतो. या लग्नसराईत तुमच्या घरी हळद असेल, तर रात्री मंडपामागं एकदा स्वतः जाऊन या.