डार्विनचा डॅनिश दुभाष्या

शेवाळ म्हटलं की आपल्याला आठवतो तो विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत हिरवा थर. डेस्मिड हे शेवाळ तसलं नव्हे. एकाच पेशीचा हा जीव बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन सारखी अर्धुकं कमरेशी जोडलेली दिसतात, एकाचं प्रतिबिंब म्हणजे दुसरं. वाढायची वेळ आली की तो त्या कमरेतच दुभंगतो आणि प्रत्येक अर्धुक आपली गेलेली बाजू नव्यानं घडवून घेतं.

कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपच्या दलदलीत १८७०च्या सुमारास एक तरुण हे शेवाळ गोळा करत हिंडायचा. येन्स पीटर याकोबसेन त्याचं नाव. जन्म १८४७चा, जटलंडमधल्या लिमफ्योर्डकाठच्या थिस्टेड गावचा, व्यापाऱ्याचा मुलगा. डेन्मार्कमधल्या डेस्मिडांवरच्या त्याच्या प्रबंधाला १८७३ साली विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी इटलीच्या प्रवासात, फ्लॉरेन्समध्ये, त्याच्या तोंडून रक्त आलं. क्षय. दलदलीच्या गारठ्यानं त्याला तो जडला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. खरं तर क्षय होतो तो जंतूनं, आणि तो जंतू शास्त्रज्ञ कॉखनं जगापुढे मांडला १८८२मध्ये. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या माणसाला त्याचा मारेकरी सूक्ष्मदर्शकानंच दाखवावा, तोही मरणाच्या तीन वर्षं आधी, आणि त्याचा काही उपयोग होऊ नये!

मला याकोबसेन भेटला तो कवी रिल्केमुळे. एका तरुण कवीला लिहिलेल्या १९०३च्या पत्रात रिल्के म्हणतो की दोन पुस्तकं आपल्याजवळ कायम असतात: एक बायबल आणि दुसरी या डॅनिश लेखकाची. जोडी मोठी गमतीची आहे. कारण याकोबसेन पक्का नास्तिक, आणि डार्विनला डॅनिश भाषेत आणणारा तोच. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चा त्याचा अनुवाद १८७१-७२मध्ये निघाला, ‘डिसेंट ऑफ मॅन’चा १८७४-७५मध्ये. त्याआधीच मासिकातून लेख लिहून त्यानं वाचकांना या विचाराची ओळख करून दिली होती.

त्या पहिल्या अनुवादाचं शीर्षक मी पुन्हा पुन्हा वाचतो. डार्विननं ‘नैसर्गिक निवड’ म्हटलं, याकोबसेननं शब्द वापरला त्याचा अर्थ ‘गुणांची निवड’ असा होतो. डार्विनच्या शीर्षकात अनुकूल वाण टिकून राहतात, याकोबसेनच्या शीर्षकात सुस्थितीतल्या रूपांचा ‘विजय’ होतो. अनुवादकाच्या हातून असं होतं. मूळ लेखक जिथं नुसता हिशेब मांडतो, तिथं भाषांतरात नकळत टाळी ऐकू येते. निसर्ग गुण पारखत नाही. ज्याचं त्या जागी, त्या वेळी निभतं ते उरतं, एवढंच. पंचविशीतल्या माणसाला मात्र नव्या विचारासोबत विजयही हवासा वाटला असेल. १८७१मध्ये समीक्षक गेऑर्ग ब्रांडेसची व्याख्यानं सुरू झाली होती आणि डॅनिश साहित्यानं जगण्यातल्या प्रश्नांना भिडावं, अशी हाक त्यानं दिली होती. कोपनहेगनची हवाच तशी होती.

मग हा माणूस कथा-कादंबऱ्या लिहू लागला आणि त्यांत कोणीच जिंकेना.

‘मोगेन्स’ (१८७२) ही त्याची पहिली कथा. तिची सुरुवात एका झाडाच्या आणि मग पावसाच्या वर्णनानं होते आणि वाचताना वाटतं, हे पाहणारा डोळा कवीचा नाही, नमुने गोळा करणाऱ्याचा आहे. १८७६ची ‘फ्रू मारी ग्रुबे’ त्याहून धीट. सतराव्या शतकातली ही खरीखुरी उमराव घराण्यातली बाई. तिचा पहिला नवरा राजाचा अनौरस मुलगा, दुसरा जमीनदार आणि तिसरा घोड्यांची निगा राखणारा गडी. शेवटी ती फाल्स्टर बेटावर तरीच्या घाटाशी राहिली. १७११ साली प्लेगमुळे कोपनहेगन सोडून आलेल्या होल्बर्गला, पुढे मोठ्या झालेल्या नाटककाराला, ती तिथं भेटली आणि या तिसऱ्या नवऱ्यासोबतच आपण सुखी आहोत असं तिनं सांगितलं. याकोबसेननं त्या काळची कागदपत्रं चाळून तिचं जग उभं केलं. त्यात वासनेला पाप म्हटलेलं नाही, की घसरणीला शिक्षा. एका जीवाला मानवणारी जागा कुठे सापडली, एवढंच तो पाहतो. समाजाच्या शिडीवर ती जागा अगदी खालची निघाली.

पण खरा हिशेब ‘नील्स ल्यूने’मध्ये (१८८०) आहे. नील्स देवाला सोडतो ते ग्रंथ वाचून नव्हे. लहानपणी आवडती आत्या आजारी पडते, तो प्रार्थना करतो, आत्या मरते. ही फसवणूक तो विसरत नाही. पुढे एका नाताळच्या संध्याकाळी डॉक्टर ह्येरिल्डशी तो वाद घालतो: स्वर्गाकडे वाहून जाणारं माणसाचं सारं प्रेम पृथ्वीवर परतलं तर केवढं होईल! ह्येरिल्डही देव मानत नाही, पण माणसांना हे पेलेल का, याची त्याला शंका आहे. मला या कादंबरीतला सगळ्यात खरा डार्विनवादी तोच वाटतो. तो निरीक्षण करतो, घोषणा देत नाही.

नील्सला बायको मिळते, तीही त्याचा विचार स्वीकारते, आणि मरताना धर्मगुरूला बोलावून घेते. मग तान्हं मूल आजारी पडतं. आणि नील्स गुडघे टेकतो. ज्याला तो मानत नाही त्याची करुणा भाकतो. मूल जातंच. उरते ती दुःखाहून जास्त टोचणारी शरम, की ऐन वेळी आपण आपलेच राहिलो नाही. एखाद्या प्रचारकानं हा प्रसंग गाळला असता आणि एखाद्या भाविक लेखकानं तिथंच देवाला जिंकवलं असतं. याकोबसेन दोघांनाही ते समाधान देत नाही. बुद्धीनं सोडलेली गोष्ट शरीर, भीती, माया सोडत नाहीत. त्यांचं वय बुद्धीहून कितीतरी मोठं आहे. हे डार्विनचा दुभाष्या नाही जाणणार तर कोण?

त्याचं सारं ललित लेखन दोन कादंबऱ्या, एक कथासंग्रह आणि मरणानंतर छापलेल्या कविता, एवढंच. त्या कवितांमधून संगीतकार शोएनबर्गची ‘गुरेलीडर’ ही रचना झाली. १८८५मध्ये, अडतिसाव्या वर्षी, तो थिस्टेडलाच गेला.

नील्सला मात्र त्यानं १८६४च्या युद्धात पाठवलं. डेन्मार्क ते प्रशिया-ऑस्ट्रियापुढे हरला, आणि त्या वर्षी लेखक स्वतः सतरा वर्षांचा होता. नील्सच्या छातीत गोळी लागते. उशाशी ह्येरिल्ड असतो. धर्मगुरूला बोलावू का, असं विचारलं जातं, आणि या खेपेला नील्स नाही म्हणतो. ज्या लेखकानं हे लिहिलं, त्याची स्वतःची छाती तेव्हा सात वर्षं पोखरत चालली होती.