तुझ्याकडं काय वाजायलंय?

बसा.

घाटनांदूर स्टेशनावरचा बाक. दिवसभर उन्हात तापलेला, आता निवत चाललेला. मांड्यांखाली त्याची ऊब लागते.

लागू द्या.

एका अंगाला रूळ परळीकडे जातात. दुसऱ्या अंगाला पानगावावरून लातूर रोडकडे. गाडीला अवकाश आहे. किती, ते आत्ता विचारायला नको.

शेजारी मित्र आहे. शाळेपासूनचा. त्याचा खांदा तुमच्या खांद्याला लागलेला. बाक रिकामा आहे, जागा भरपूर आहे, तरी लागलेला. कारण वायर आखूड आहे.

ती वायर बघा.

काळी, पातळ. मोबाइलमधून एकच निघते. छातीपर्यंत येते आणि तिथं तिला बेचकी फुटते. एक टोक तुमच्या कानात. एक त्याच्या.

बेचकीपाशी थांबा.

नजर तिथंच राहू द्या. श्वास आत येतो. बाहेर जातो. वायर जराशी हलते. कुणाच्या श्वासानं हलली, सांगता येत नाही.

राहू द्या तसंच.

मोबाइलच्या लहानशा पडद्यावर काळा चौकोन आहे. मधोमध त्रिकोण. एका बाजूनं पांढरा किरण आत शिरतो, दुसऱ्या बाजूनं रंग होऊन निघतो. पिंक फ्लॉइड. ‘द डार्क साइड ऑफ द मून’, मार्च १९७३.

हा अल्बम इथवर कसा आला, ते थोडक्यात सांगतो. दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायचे ते दिवस. कार्डात भजनं, अजय-अतुल, वरातीत वाजायची गाणी. आणि त्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी भावानं पुण्याच्या होस्टेलवरून आणलेला एक फोल्डर. बस्स.

रंग मोजा. तांबडा, नारिंगी, पिवळा. शाळेत पाठ केलेलं आठवत, सावकाश. तानापिहिनिपाजा.

सहाच भरतात. पारवा नाही. चित्रातून तो गाळलेला आहे.

वर पत्र्याच्या आडोशाला मात्र एक पारवा घुमतोय. ऐका.

आता डोळे मिटा. नाही मिटले तरी चालेल.

पहिल्यांदा काहीच नाही.

मग फार लांबून, धप्. धप्.

काळजाचे ठोके. खरं तर हा ड्रम आहे, बँडच्या निक मेसननं पायानं वाजवलेला. पण कानाला तसं वाटत नाही. पखवाजाच्या धुमेला ओली कणीक लावली की जो आवाज निघतो, तसा. खोल. ओलसर. भजनाला बसलेल्या माणसाला तो परका नाही.

तुमच्या छातीतही एक चालू आहे. दोन्ही जुळतात का, ते बघू नका. नुसते शेजारी चालू द्या.

धप्. धप्.

मित्र तुमच्याकडे बघतो. त्यालाही तोच आलाय.

आता ऐका. पावलं.

कुणीतरी पळतंय. फरशीवर बूट वाजतात, दम लागलाय, मागे कसलंसं यंत्र भिरभिरतंय. पावलं जवळ येतात, अगदी कानाच्या पाळीशी येतात.

आणि विरतात.

थांबा. टोक काढू नका. बिघडलेलं नाही.

“गेला,” तुम्ही म्हणता.

“आला,” मित्र म्हणतो. “हिकडं पळायलाय.”

तुमच्या कानातून निघालेला माणूस त्याच्या कानात शिरलाय. मधली जागा, दोन डोक्यांमधली ती वीतभर हवा, तो कसा ओलांडून गेला कोण जाणे.

त्या वीतभर जागेकडे लक्ष द्या. तिथं काही वाजत नाही. तिथंच थोडा वेळ राहा.

या अल्बममधले आवाज दोन कानांसाठी वाटून ठेवलेले आहेत. काही एका बाजूला, काही दुसऱ्या, काही दोन्हींकडे, काही इकडून तिकडे जाणारे. एकट्यानं ऐकलं तर ते डोक्यात एकत्र येतात. दोघांनी एकेक टोक घेतलं, तर वाटणी होते.

तुम्हाला तुमची बाजू. त्याला त्याची.

म्हणून तर विचारावं लागतं.

“तुझ्याकडं काय वाजायलंय?”

विचारा. हळू. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.

“टिकटिक,” तो म्हणतो. “लई घड्याळं हाईत.”

घड्याळं खरीच आहेत. ॲलन पार्सन्स नावाचा ध्वनिमुद्रक जुन्या घड्याळांच्या दुकानात गेला आणि एकेका घड्याळाचा आवाज वेगवेगळा टिपून आला. मग फितीवर सगळी एकाच क्षणी वाजवली. आता ती वाजतील. दचकाल.

दचका.

मित्रही दचकतो. वायर ताणते. तुमचं टोक निसटून मांडीवर पडतं आणि तिथून, चिमणीएवढ्या आवाजात, वाजत राहतं.

उचला. घाई नाही. पुन्हा कानात ठेवा.

ही वाटणी रेकॉर्डवरही होती. रेकॉर्ड फिरायची तेव्हा तिच्यावर एक खाच असे. एका बाजूला एकच, बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत वळत गेलेली. सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. त्या खाचेला दोन भिंती. एका भिंतीत डाव्या कानाचा आवाज, दुसरीत उजव्या. आणि सुई एकच. दोन्ही भिंतींना एकाच वेळी चाटून जाणारी.

नांगरानं पडलेल्या रेघेला आपल्याकडे तास म्हणतात. घड्याळातल्या साठ मिनिटांनाही तासच. हा अल्बम आहे त्रेचाळीस मिनिटांचा. पाऊण तासालाही थोडा कमीच.

तासात उभे राहा. दोन्ही बाजूंना ओली माती. मधून एकच सुई चाललीय.

चालू द्या.

आता एक बाई गातेय.

ऐका. शब्द नाहीत.

आधीच्या गाण्यांचे शब्द दोघांनाही नीट कळलेले नाहीत. इंग्रजी, तेही तिकडच्या उच्चारांचं. एखादा शब्द ओळखीचा लागला की दोघं एकमेकांकडे बघतात, तेवढंच. इथं मात्र कळायचं काही उरत नाही. आवाज चढतो, फाटेल असं वाटतं, फाटत नाही, खाली येतो, पुटपुटल्यासारखा होतो.

तिचं नाव क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३ मध्ये, एका रविवारी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तिला बोलावलं होतं. ठरलेली बिदागी तीस पौंड. ती गायली आणि घरी गेली. त्या गाण्याच्या रचनेत तिचाही वाटा आहे हे नावानिशी छापून यायला २००५ साल उजाडावं लागलं, तेही कोर्टात गेल्यावर. हे मला फार उशिरा कळलं. बाकावर बसलेल्या त्या दोघांना तर ठाऊकच नाही. त्यांना फक्त आवाज आहे.

तो दोघांकडेही आहे.

काही विचारू नका आता. तोही विचारत नाही. खांदा खांद्याला लागलेला आहे, तिथून त्याचा श्वास कळतो. थोडा अडकलेला.

कळू द्या.

पारवा मघाशीच थांबलाय.

आता दुसऱ्या कानाकडे या. मोकळ्या.

त्याला आपण विसरलो होतो. दोघांचा एकेक कान वायरीला आहे. आतला. बाहेरचा एकेक उघडाच आहे. तुम्ही परळीच्या अंगाला बसलाय, तुमचा उघडा कान परळीकडे. मित्राचा लातूर रोडकडे.

तुमच्याकडे काय आहे? लिंबाची पानं. कुणीतरी तोटी नीट बंद केलेली नाही. लांब टेम्पो. रेडिओ की कीर्तन, नीटसं लागत नाही.

त्याच्याकडे काय आहे, ते त्याला माहीत.

दोन कानांवरून आठवलं. लंडनजवळ हेज नावाचं गाव आहे, तिथं ईएमआय या रेकॉर्डच्या कंपनीचा कारखाना होता. त्या कंपनीत ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंजिनिअर होता. असं सांगतात, की तो बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा माणूस एका कडेकडे चालत गेला, त्याचा आवाज मात्र होता तिथंच राहिला. ब्लुमलाइनला ते खुपलं. १९३१ साली त्यानं दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज टिपायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो, ते त्यातलं. आणि १९३५ मध्ये ती पद्धत तपासायला त्यानं एक छोटी फिल्म काढली.

कशाची?

हेज स्टेशनावरच्या आगगाड्यांची.

एका बाजूनं येणारी गाडी. दुसऱ्या बाजूनं निघून जाणारी. तेवढंच. तो पुढं १९४२ मध्ये विमान अपघातात गेला, अडतीस वर्षांचा होऊन. रॉकचे ते सगळे अल्बम त्यानं ऐकलेले नाहीत.

घाटनांदूरच्या बाकावर हे आठवलं की मला उगाच बरं वाटतं. स्टीरिओची परीक्षा स्टेशनावरच झाली होती.

ऐका.

रुळांत काही आहे का?

नाही. अजून नाही.

मधेच एक सांगून टाकतो. सगळेच अल्बम असे वाटून ऐकायला बरे नाहीत. बीटल्सचा पहिला, ‘प्लीज प्लीज मी’, १९६३ चा. त्यातली दहा गाणी त्यांनी एका दिवसात उरकली. स्टीरिओत बहुतेक गाणी अशी की एका बाजूला गळे, दुसऱ्या बाजूला वाद्यं. दोघांनी एकेक टोक घेतलं तर एकाच्या ताटात नुसती भाकरी, दुसऱ्याच्या ताटात नुसतं पिठलं. आम्ही त्यावर भांडलो होतो.

असो. परत या. बेचकीपाशी.

श्वास आत. बाहेर.

आता टोकं बदला. तुमचं त्याला द्या, त्याचं तुम्ही घ्या. टोक कोमट आहे. आत्ताआत्तापर्यंत कुणाच्या तरी कानात होतं.

ती कोमटता ध्यानात घ्या.

आता ऐका. तोच अल्बम. तीच गिटार, पण आता मागच्या खोलीत गेल्यासारखी. जे आतापर्यंत नव्हतंच, ते समोर येऊन बसलंय. ऑर्गनचे लांब सूर. कुणीतरी हसतं. अगदी कानाशी हसतं.

“हा हसणारा तुझ्याकडं होता?”

“मघापासून,” तो म्हणतो. “सांगितलं की तुला.”

सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी मी हा अल्बम एकट्यानं ऐकला, दोन्ही कानांनी, चांगल्या हेडफोनवर. पावलं एका कानातून दुसऱ्या कानात गेली तेव्हा माझ्या तोंडून “गेला” निघालं. खोलीत कुणी नव्हतं. “आला” म्हणायला.

अल्बमची अर्धी बाजू मला आधी मित्राच्या तोंडून ऐकू आलेली होती. अजूनही घड्याळांपाशी, गिटारच्या आधी, मला त्याचं “लई घड्याळं हाईत” येतं. ते पुसलं जात नाही. पुसावं असंही वाटत नाही.

चला, बाकावर.

उजेड उतरलाय. स्टेशनातले दिवे लागलेत, पण त्यांचा उजेड अजून जमिनीपर्यंत पोचलेला नाही. बाकाची ऊब गेली. खांद्याची आहे.

शेवटचं गाणं चढत जातंय. आता सगळेच गातायत. ड्रम, ऑर्गन, गळे. एकामागून एक ओळ येते, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर वीट ठेवल्यासारखी.

आणि ते थांबतं.

उरतो फक्त तो आवाज. पहिला.

धप्. धप्.

हळूहळू लांब जाणारा.

आता काही करू नका. मान कलती करा, हवं तर. डोळे मिटलेलेच राहू द्या. ठोक्याच्या मागे मागे जा. तो बारीक होईल. अजून बारीक. भजन संपवून पखवाज काखेला मारून कुणी गल्लीतून चाललंय, आणि चालता चालता बोटं पडतायत त्यावर, तेवढा.

धप्.

रुळांत काहीतरी आहे. उघड्या कानाला लागतंय. परळीकडून. म्हणजे तुमच्याच कानाला आधी.

सांगू नका त्याला. एक श्वास थांबा.

वायर मधे लोंबतेय. हलत नाही.

“माझ्याकडं थांबलं,” तुम्ही म्हणता.

तो बोट वर करतो. गप्प राहा म्हणून. डोळे मिटलेले.

“अजून वाजायलंय,” तो म्हणतो.