लाटेवाचून लाट : शब्दहीन संगीत आणि अनुभवाची प्रामाणिकता

१

१९९३ साली अमेरिकेत सर्फ संगीताचे दोन आल्बम प्रसिद्ध झाले. दोन्ही मुख्यतः वाद्यसंगीताचे आणि दोन्ही अत्यंत वेगवान. १९६४ साली बीटल्सचे अमेरिकेत आगमन झाल्यानंतर जो प्रकार संपला असे मानले जात होते, त्या प्रकारातले हे दोन आल्बम होते. 'ट्रायबल थंडर' हा डिक डेलचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांपैकी तो एक होता आणि त्यांच्यासाठीच वाजवता वाजवता त्याने हा संगीतप्रकार घडवला होता; आता त्याने वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. दुसरा आल्बम 'इज इट... मॅन ऑर अ‍ॅस्ट्रो-मॅन?' हा. 'मॅन ऑर अ‍ॅस्ट्रो-मॅन?' हा बँड अलाबामा राज्यातील ऑबर्न या समुद्रापासून पुष्कळ आत असलेल्या विद्यापीठाच्या गावी तयार झाला. त्याचे वादक मात्र आपण पृथ्वीवर अडकून पडलेले परग्रहवासी आहोत असे सांगत, चमत्कारिक टोपणनावे धारण करीत आणि अंतराळवीरांच्या वेशात वाजवीत.

एकाने लाट अंगावर घेतली आहे. दुसऱ्यांना ती ध्वनिमुद्रिकांतून मिळाली आहे. दोघांचेही वादन श्रोत्याला सारख्याच आवेगाने ओढून नेत असेल, तर पहिल्याला अस्सल आणि दुसऱ्याला नक्कल म्हणण्यास आधार कोणता? हा प्रश्न केवळ सांगीतिक अभिरुचीचा नाही. ज्याने जे भोगले नाही त्याने ते व्यक्त करावे काय, या नैतिक प्रश्नाचेच ते एक रूप आहे. मराठी समीक्षेला हा प्रश्न अपरिचित नाही. मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये आत्मनिष्ठेची कसोटी मांडली तेव्हापासून, आणि नवसाहित्याच्या काळात 'अनुभवाची प्रामाणिकता' ही संज्ञा रूढ झाल्यावर विशेषच, लेखकाचे त्याच्या अनुभवाशी असलेले इमान हा मूल्यविचाराचा एक आधार बनला. पुढे दलित साहित्याने या कसोटीला सामाजिक धार दिली. या संज्ञेची मर्यादा कोठे आहे हे पाहावयाचे असेल, तर जेथे शब्दच नाहीत अशा कलेकडे वळणे उपयुक्त ठरते.

२

प्रथम अस्सलतेचा दावा तपासावा लागेल. डिक डेलच्या बाजूने तो भक्कम दिसतो. त्याचे मूळ नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७ मध्ये बोस्टन येथे. वडील लेबनीज वंशाचे. १९६०-६१ च्या सुमारास बाल्बोआच्या रॉन्देवू बॉलरूममध्ये त्याचे कार्यक्रम गाजू लागले. लाटेवर स्वार असताना शरीराला जाणवणारी शक्ती गिटारमधून यावी, हे आपले उद्दिष्ट असल्याचे तो सांगे. त्यासाठी तो नेहमीपेक्षा फार जाड तारा वापरी आणि सतारीच्या झाल्याची आठवण व्हावी इतक्या वेगाने एकाच तारेवर उलटसुलट आघात करीत राही. त्याच्या आवाजाचा भार न सोसून लिओ फेंडरचे ॲम्प्लिफायर एकामागून एक जळत गेले आणि अखेर फेंडरला त्याच्यासाठी अधिक शक्तीचे यंत्र तयार करावे लागले. येथे अनुभव, शरीर आणि वाद्य यांच्यात अखंड धागा असल्याचे भासते.

परंतु हा धागा जरा ओढून पाहिला की त्याचे पीळ सुटू लागतात. १९६२ साली डेलने वाजवलेली आणि या प्रकाराची जणू मुद्राच ठरलेली 'मिसरलू' ही धून समुद्राची नाही. ती पूर्व भूमध्य प्रदेशातली आहे; १९२० च्या दशकात ती ग्रीक भाषेत ध्वनिमुद्रित झाली होती आणि तिच्या नावाचा अर्थ 'मिसर देशाची मुलगी' असा आहे. डेलने ती लहानपणी लेबनीज नातेवाइकांकडून ऐकली होती. त्याच्या झपाटलेल्या आघातांमागे काकाच्या ऊद या तंतुवाद्याचे आणि अरबी तालवाद्याचे संस्कार आहेत. म्हणजे ज्या सुरावटीत जगाने प्रशांत महासागर ऐकला, तिच्यात प्रत्यक्षात एका स्थलांतरित कुटुंबाचे घर वाजत होते.

'ओला' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नादाची कथाही अशीच आहे. सर्फ संगीताचे लक्षण म्हणून जो पाणीदार, झिरपत जाणारा प्रतिध्वनी सांगितला जातो, तो एका पेटीत ताणलेल्या धातूच्या स्प्रिंगांतून निर्माण होतो. ही युक्ती आधी हॅमंड ऑर्गनमध्ये वापरात होती. फेंडर कंपनीने १९६१ मध्ये तिची स्वतंत्र पेटी विक्रीस आणली. डेलला ती हवी होती ती गिटारसाठी नव्हे. आपला गाण्याचा आवाज कोरडा वाटतो म्हणून. त्याच्या १९६२ च्या 'सर्फर्स चॉइस' या पहिल्या आल्बमवर गिटारचा हा ओला नाद नाही. 'द शान्टेज' या बँडची 'पाइपलाइन' ही प्रसिद्ध रचना तर आधी वेगळ्याच नावाने वाजवली जाई; हवाईतील प्रचंड लाटांचा चित्रपट पाहिल्यावर वादकांनी तिचे नाव बदलले. सूर तेच राहिले, पण नाव बदलताच त्यांत लाट उसळू लागली.

यावरून डेल अप्रामाणिक होता असा निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष एवढाच, की अनुभव आणि कलाकृती यांच्यातील नाते बीज आणि वृक्ष यांच्यासारखे सरळ नसते. समुद्र, काकाचा ऊद, जळालेले ॲम्प्लिफायर, एका पेटीतील स्प्रिंगा आणि श्रोत्यांची अपेक्षा यांच्या एकत्र येण्यातून जे घडले, त्याला मागाहून समुद्राचे नाव मिळाले.

३

आता दुसऱ्या आल्बमकडे वळता येईल. त्यातील एका रचनेचे नाव 'टॅक्सिडर्मिस्ट सर्फ' असे आहे. मेलेल्या प्राण्याच्या कातड्यात भुसा भरून तो जिवंत भासावा असा उभा करणारा कारागीर म्हणजे टॅक्सिडर्मिस्ट. पुनरुज्जीवनावर घेतला जाऊ शकणारा सर्वांत कठोर आक्षेप या वादकांनी स्वतःच शीर्षक म्हणून मिरवला आहे. रचनांच्या आधीमधी जुन्या विज्ञानपटांतील संवादांचे तुकडे येतात. तेही उसने, आणि उसने आहेत हे उघड दिसेल असेच ठेवलेले. १९९८ साली तर या बँडने आपल्या 'प्रतिकृती' म्हणून इतर वादकांचे संच दौऱ्यावर पाठवले; त्यांतील एक संच स्त्रियांचा होता. कलाकृतीमागे विशिष्ट व्यक्तीचा विशिष्ट अनुभव असलाच पाहिजे या श्रद्धेची याहून पूर्ण थट्टा संभवत नाही.

या थट्टेचे स्वरूप समजण्यास संस्कृत काव्यशास्त्रातील एक जुना वाद साहाय्य करतो. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त श्रीशंकुकाचे मत नोंदवले आहे. नट रामाच्या स्थायीभावाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षकाला होणारी 'हा राम' ही प्रतीती चित्रातील घोड्याच्या प्रतीतीसारखी असते : ती यथार्थ ज्ञान नव्हे, भ्रम नव्हे, संशय नव्हे आणि निव्वळ सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातील घोड्याला घोडा म्हणणारा खोटे बोलत नाही. अंतराळवेशातील वादक 'आम्ही परग्रहवासी' म्हणतात तेव्हा तेही खोटे बोलत नाहीत. कारण फसवणुकीसाठी फसू शकणारा श्रोता लागतो आणि येथे तसा कोणी अभिप्रेतच नाही. स्वतःला 'किनाऱ्यावरची मुले' म्हणवून वाजवणारा अंतर्देशीय बँड अधिक गंभीर दिसला असता, परंतु अधिक खोटा ठरला असता.

शंकुकाच्या मतावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी घेतलेला आक्षेपही येथे तितकाच मोलाचा आहे. अनुकरण हे अनुकरण म्हणून ओळखण्यासाठी मूळ पाहिलेले असावे लागते. रामाची रती कोणी पाहिली आहे? त्याचप्रमाणे विचारता येईल, की या संगीताच्या किती श्रोत्यांनी लाटेवर तोल सावरला आहे? बहुसंख्यांनी नाही. तरीही त्यांना जे प्रतीत होते ते पोकळ नसते. वेग, धोका, उसळणे, तोल जाता जाता सावरणे, अखेरचे कोसळणे : हे सारे समुद्राच्या आधी देहाला ठाऊक असते. सूर लाटेचे चित्र काढीत नाहीत. लाट आणि देह या दोहोंना समान असलेली गती ते सिद्ध करतात. मूळ पाहिलेले नसतानाही प्रतीती का होते, याचे उत्तर अनुकरणात सापडत नाही. ते या समान गतीत शोधावे लागते.

४

येथपर्यंतच्या विवेचनावरून अनुभवाची प्रामाणिकता ही कसोटीच निरर्थक आहे, असे कोणी म्हणू शकेल. तसे म्हणणे घाईचे होईल. एक गंभीर हरकत अजून उभीच आहे.

लाटेवर स्वार होण्याची विद्या कॅलिफोर्नियाची नव्हे. ती हवाई बेटांवरील लोकांची. त्यांच्या भाषेत तिला 'हेए नालू', म्हणजे लाटेवरून घसरत जाणे, असे नाव आहे. १८२० मध्ये तेथे मिशनरी आले. त्यानंतरच्या दशकांत बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या खचली, नव्या धर्माने जुन्या क्रीडांकडे नापसंतीने पाहिले आणि ही विद्या क्षीण झाली. १८९३ मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेली, १८९८ मध्ये ती बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडली. विसाव्या शतकाच्या आरंभी ड्यूक कहानामोकू यांच्यासारख्या हवाईयन जलतरणपटूंमुळे हा खेळ बाहेर पसरला आणि पुढील अर्धशतकात तो कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या तारुण्याचे चिन्ह होऊन बसला. 'अस्सल कोण' हा प्रश्न ऑबर्नच्या वादकांपाशी थांबवता येत नाही. तो बाल्बोआलाही विचारावा लागतो. अनुभव ही मालमत्ता मानली, तर तिचे खाते उतारे फार मागेपर्यंत काढावे लागतील आणि अस्सलतेचा अभिमान बाळगणारेच कूळ ठरतील.

मग या हरकतीचा अर्थ काय लावावयाचा? येथे साक्ष आणि सृष्टी असा भेद करणे आवश्यक आहे. दलित आत्मकथनांनी अनुभवाचा आग्रह धरला तो अनुभव ही खाजगी मिळकत आहे म्हणून नव्हे. ज्या जगण्याला साहित्यात स्थानच नव्हते त्याची ती साक्ष होती. आणि साक्षीदाराने पाहिलेले असावे ही अपेक्षा न्यायाची आहे, केवळ सौंदर्याची नाही. जेथे शब्द 'हे असे घडले' असे सांगतात तेथे खोटी साक्ष शक्य असते, आणि म्हणूनच तेथे प्रामाणिकतेची कसोटी अटळ असते. गिटारचे सूर काहीच घडल्याचे सांगत नाहीत. हान्सलिकने १८५४ मध्ये संगीताचा आशय म्हणजे नादांची गतिमान रूपेच होत असे प्रतिपादन केले, ते या अर्थाने खरे आहे. सूर खोटी साक्ष देऊ शकत नाहीत, कारण ते साक्षच देत नाहीत.

खोटेपणा शिरतो तो सुरांच्या भोवताली : शीर्षकांत, वेष्टनावरील चित्रांत, वेशभूषेत आणि वादकाच्या चरित्रकथेत. तेथे शब्द आणि प्रतिमा दावे करू लागतात. एखादा बँड हवाईच्या देवतांची नावे शोभेसाठी वापरतो तेव्हा त्याचे सूर निर्दोष असले, तरी त्याचे शीर्षक निर्दोष असेलच असे नाही. या दृष्टीने अंतराळवेशाची युक्ती चतुर आहे. ती कोणाच्याही भूमीवर हक्क सांगत नाही, कोणाच्याही दुःखाची साक्ष देत नाही. पण तिच्यातही एक पळवाट आहे. परग्रहावरून आलेल्याला पूर्वज नसतात आणि म्हणून त्याच्यावर कोणाचे ऋणही नसते. मुखवटा खोट्या दाव्यापासून वाचवतो, तसा ऋणाच्या आठवणीपासूनही वाचवतो. उपहासाने अस्सलतेचा दंभ फोडता येतो. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे ऋण उपहासाने फिटत नाही.

५

साक्ष वजा केल्यावर शब्दहीन संगीतात प्रामाणिकतेला जागाच उरत नाही काय? ती उरते, पण अन्यत्र. सर्फ संगीतातील सलग उलटसुलट आघात हे शारीरिक श्रमाचे काम आहे. मनगट थकते, वेग टिकवताना तोल सुटू पाहतो. आघात एकसारखा पडतो किंवा पडत नाही. तेथे हाताला थाप मारता येत नाही. ही कृतीची प्रामाणिकता होय, आणि ती किनाऱ्यावर जन्मलेल्याला वारशाने मिळत नाही, तशी अंतर्देशीयाला नाकारलीही जात नाही. ऑबर्नच्या वादकांनी परग्रहवासी असल्याचे सोंग घेतले. परंतु ढोलाच्या ठोक्याला गिटारचा आघात नेमका जाऊन मिळण्याचे सोंग कोणालाच घेता येत नाही.

डिक डेल २०१९ मध्ये निवर्तला. अखेरच्या वर्षांत अनेक व्याधींनी जर्जर असतानाही तो दौरे करीत राहिला. उपचारांचा खर्च भागवण्यासाठी वाजवणे भाग आहे, असे त्याने जाहीरपणे सांगितले होते. त्या मंचावर समुद्र नव्हता, तारुण्य तर नव्हतेच. ज्या अनुभवाच्या बळावर त्याला अस्सल म्हटले गेले, तो अर्धशतक मागे पडला होता. उरला होता तो हात, जाड तारा आणि एका गरीब स्थलांतरित सुरावटीचे ऋण, जे त्याने आपल्या काकाच्या नावाने वारंवार मान्य केले होते.

कलाकृतीला 'तू हे भोगलेस काय' असे विचारण्यापूर्वी ती साक्ष देत आहे की नाही, हे पाहावे लागते. देत असेल, तर तो प्रश्न टाळता येत नाही. नसेल, तर दोन प्रश्न शिल्लक राहतात : जे केले ते पुरतेपणी केले आहे काय, आणि जे घेतले ते कोणाकडून घेतले याची आठवण ठेवली आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९९३ चे दोन्ही आल्बम निःसंदिग्धपणे देतात. दुसऱ्याचे उत्तर एका आल्बमपाशी अर्धे आहे. दुसऱ्याने तो प्रश्न हसून पुढे ढकलला आहे. अस्सल आणि नक्कल या शब्दांपेक्षा त्यांच्यातील खरा फरक तेवढाच आहे.