उपयोग नसलेले काम

आपल्या संप्रदायात कष्टाला फार मान आहे. गोरोबाकाकांचे मडके, सावतोबांचा मळा, सेना महाराजांची धोकटी यांची नावे घेताना आपण देव आणि धंदा वेगळे काढत नाही. पण नीट पाहिले तर हे सगळे धंदे उपयोगाचे आहेत. मडक्यात पाणी राहते, मळ्यातली भाजी पोटात जाते. मग ज्या कामाचा कोणालाच काडीचा उपयोग नाही, अशा कामात कोणी आयुष्य घातले तर त्याला काय म्हणावे? साधना म्हणावी, हौस म्हणावी, की अहंकाराचेच एक देखणे रूप?

प्रश्न हवेतला नाही. लेथवर लाकूड कातणारे फ्रान्समधले काही कारागीर एक वस्तू करतात. तिला ते ‘त्राँब्लर’ म्हणतात, म्हणजे थरथरणारा. एकाच अखंड लाकडातून काढलेला उभा देठ, मधे मधे मणी, वाट्या, कळ्यांसारखे आकार, आणि त्यांना जोडणारी दांडी दोनतीन मिलिमीटर जाडीची. उंची कधी मीटरभरही असते. बोट लावले, नव्हे फुंकर घातली, तरी तो थरथरतो. त्यात काही ठेवता येत नाही आणि त्यावर काही टांगता येत नाही. झाँ-फ्रांस्वा एस्कुलें या नामांकित फ्रेंच कातारींचे अशा कामासाठी नाव घेतले जाते. त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या एगीन नावाच्या डोंगरी गावात कातकाम शिकवले. त्या गावाचा जुना धंदा म्हणजे बॉक्सवुडच्या मुळांचे खेळायचे गोळे कातणे. गोळ्यांवर मग बायका खिळे ठोकून बसवत. खेळायचा गोळा का होईना, त्याचा उपयोग तरी होता.

हे काम चालते कसे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण विचार त्यातूनच निघतो. सरळ रेषांचे, दाट कणाचे लाकूड घ्यायचे. त्याचे एक टोक यंत्रात घट्ट धरायचे आणि सुरुवात करायची ती लांबच्या, मोकळ्या टोकाकडून. दोनचार बोटे लांबीचा भाग घ्यायचा आणि तो पुरता संपवायचा: आकार, गुळगुळीतपणा, सगळे. मगच पुढच्या भागाला हात. आधी सगळा देठ ढोबळ कातून घेऊ, मग सावकाश बारीक करू, असे येथे चालत नाही. मागे जाडजूड लाकूड आहे तोवरच पुढचा भाग पटाशीचा दाब सोसतो. दांडीची जाडी निम्मी झाली की तिचा ताठपणा निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. म्हणून जो भाग झाला तो झाला. परत जाऊन त्याला हात लावायची सोय नाही.

झालेला भाग फिरता फिरता भोवंडून तुटू नये म्हणून त्याला दोऱ्यांचा आधार देतात. यंत्रावर छोट्या चौकटी उभ्या करायच्या, त्यांतून दोरा ताणून देठाभोवती असा घ्यायचा की देठ मधोमध राहील आणि फिरायला मोकळाही राहील. देठ जसा लांबतो तशा चौकटी वाढतात. कातताना डाव्या हाताचे बोट लाकडाच्या मागे टेकवून पटाशीच्या दाबाला तेवढाच उलटा दाब द्यायचा. हत्याराची धार थोडी बसली तरी हात नकळत जोर लावतो, आणि त्या जोराने काम मोडते.

हा नाद नवा नाही. सोळाव्या शतकात सॅक्सनीचे इलेक्टर ऑगस्ट स्वतः हस्तिदंत कातत, आणि त्या काळच्या दरबारी कातकामाचे अवघड मनोरे आजही ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहेत. रशियाचे पीटर बादशहा तर कातकामात रमून जात. पण माझे मन अडते ते शार्ल प्लुमिए या साधूपाशी. ते मिनिम पंथाचे. मिनिम म्हणजे सर्वांत लहान; त्या पंथात मांस, अंडी, दूधदुभते कायमचे वर्ज्य. अशा विरक्त माणसाने 1701 साली कातकामावर चित्रांसह मोठा ग्रंथ छापला. ते वनस्पतींचेही मोठे जाणकार होते. आपल्या देवळांच्या आवारात जो देवचाफा असतो, त्याचे शास्त्रीय नाव प्लुमेरिया हे त्यांच्याच नावावरून पडले आहे. सर्वांत लहान व्हायचे व्रत घेतलेल्या माणसाला लाकडाची नाजूक नक्षी कशी काय जवळची वाटली असेल?

सहज सुचणारे उत्तर असे, की या कामाने मन एकाग्र होते, म्हणून ते साधनच आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते. एकाग्रता तर खिसेकापूकडेही असते. जुगारी रात्रभर पत्त्यांवरून नजर काढत नाही, म्हणून कोणी त्याला ध्यानस्थ म्हणत नाही. चित्त किती लागले एवढ्यावर कामाचे मोल ठरत नाही.

मग किंमत कोणी भरली ते पाहावे लागते. राजाच्या मनोऱ्यासाठी हत्तीचा जीव गेला, आणि राजाला यंत्रापाशी बसायला फुरसत मिळावी म्हणून प्रजेने सारा भरला. कातारी मात्र काठीएवढे लाकूड घेतो आणि आपलेच दिवस त्यात घालतो. दोघांच्या हातची वस्तू दिसायला सारखी नाजूक, तरी मला त्या दोन्ही एका पंगतीला बसवता येत नाहीत. अर्थात कातारीच्या घरी चूल कशावर पेटते, हाही प्रश्न उरतोच. घरच्यांना उपाशी ठेवून केलेली नक्षी आणि हस्तिदंती मनोरा यांत फार अंतर नाही. नक्षी लाकडाची आहे म्हणून भूक कमी होत नाही.

पण निव्वळ उपयोग विचारायचा अधिकार आपल्याला, वारकऱ्यांना, कितपत आहे? आळंदीहून पंढरपूरला एसटी दिवसभरात पोहोचवते. आपण तेच अंतर, सुमारे अडीचशे किलोमीटर, पावसात भिजत, तळपायाला फोड येईपर्यंत चालतो. बाहेरच्या माणसाने याचा हिशेब मागितला तर काय दाखवणार? नरहरी सोनारांनी विठोबासाठी घडवलेल्या करगोट्याची कथा आपण आवडीने सांगतो. देवाला त्या दागिन्याची काय गरज होती? उपयोगाच्या तराजूत वारीही बसत नाही आणि कीर्तनही बसत नाही. म्हणून कातारीच्या देठाला रिकामा उद्योग म्हणताना जीभ अडखळायला हवी.

फरक आहे तो दुसरीकडे. वारी कपाटात मांडता येत नाही, देठ मांडता येतो. माझा देठ तुझ्यापेक्षा बारीक, माझा हातभर अधिक उंच, ही चढाओढ त्यात फार लवकर शिरते. हे म्हणताना आपल्याकडेही पाहावे लागते. ‘माझी ही इतकीवी वारी’ हे वाक्य फडावर कमी वेळा ऐकू येत नाही. बारीक होत जाणाऱ्या लाकडाबरोबर कातणाराही बारीक होत जातो की उलट फुगत जातो, हे बाहेरून वस्तू पाहून कळत नाही. ते ज्याचे त्याला, तेही फार तर कधीतरी, कळत असेल.

देठ पूर्ण झाला की यंत्र थांबते. मग एकेक दोरा सोडायचा. या वेळी हातात हत्यार नसते, तरी देठ मोडायचा धोका उरतोच. शेवटी खालची बैठक यंत्रातून सोडवून तो मेजावर उभा करतात. कोणी शेजारून चालत गेले तरी तो हलतो, म्हणून त्या खोलीत माणसे हळू चालतात.